योहान रॉइखलिन : इब्री ग्रंथांचे कैवारी

जर्मनींतील फोर्झहाइम गांवीं १४५५ सालीं जन्मलेले योहान रॉइखलिन हे व्यवसायानें कायदेपंडित होते. परंतु जुना करार मूळ इब्री भाषेंत वाचावा, ही तळमळ त्यांस लागली. बादशहांच्या यहूदी वैद्याजवळ ते इब्री शिकले, व १५०६ सालीं तिचें व्याकरण व कोश त्यांनीं छापविला.

१५०९ सालीं फेफरकोर्न नामक धर्मांतरित यहूद्यानें आपल्या पूर्वधर्मीयांचे ग्रंथ जप्त करण्याचा हुकूम बादशहा मॅक्सिमिलियन यांजकडून मिळविला. त्या ग्रंथांत प्रभु येशूची निंदा आहे, असा आरोप होता. पुढील वर्षीं बादशहांनीं रॉइखलिन यांचें मत मागविलें.

येशू हाच वचनदत्त मसीहा व देवपुत्र, अशी आम्हां ख्रिस्ती लोकांची श्रद्धा. यहूदी धर्म ती मानीत नाहीं. तालमूदांत येशूविषयींचे समजले जाणारे उल्लेख थोडे, विखुरलेले व प्रतिकूल आहेत. ते सर्व त्याच्याविषयींच आहेत काय, याबद्दल विद्वानांत मतभेद आहे. रॉइखलिन निष्ठावंत ख्रिस्ती होते. तरीही न वाचलेला ग्रंथ जाळूं नये. उघड निंदेचीं पुस्तकें तेवढीं रीतसर चौकशीनंतर नष्ट करावीं, बाकीचीं राखावीं व विद्यापीठांत इब्री शिकवावी, असें त्यांनीं कळविलें.

यापायीं त्यांजवर पाखंडाचा खटला चालला. १५२० सालीं रोमचा निकालही विरुद्ध गेला. १५२२ सालीं ते वारले. परंतु ग्रंथ जाळण्याचा तो बेत तडीस गेला नाहीं.

स्वधर्मावर अढळ राहूनही परक्याच्या ग्रंथास न्याय देतां येतो, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं त्यांजपासून शिकावें, असें आम्हांस वाटतें.