शुश्रूषेचा मूळ अर्थ

शुश्रूषा हा शब्द 'ऐकणे' या अर्थाच्या संस्कृत श्रु धातूपासून सिद्ध झाला आहे. ऐकण्याची इच्छा हा त्याचा मूळ अर्थ. सेवा हा अर्थ मागाहून रूढ झाला. दुसऱ्याचे दुःख ऐकण्याची ही इच्छा माणसाच्या ठायी कशी वाढते, हे श्रीमती रमाबाई रानडे यांच्या चरित्रावरून कळते.

१८६२ साली देवराष्ट्रे येथील कुर्लेकर घराण्यात त्यांचा जन्म झाला. १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, महादेव गोविंद रानडे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्या वेळी त्यांना अक्षरओळखही नव्हती. पतीने त्यांना शिकविले, आणि त्यापायी घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा रोष त्यांना सोसावा लागला. १६ जानेवारी १९०१ रोजी वैधव्य आले. काही काळ त्या एकांतात राहिल्या. दुःख मनुष्यास कठोर तरी करते, नाहीतर मृदू करते. रमाबाई त्यानंतर ससून रुग्णालयातील रोग्यांकडे फळे, फुले व पुस्तके घेऊन जाऊ लागल्या. येरवड्याच्या तुरुंगातील स्त्रियांनाही त्या भेटत.

१९०९ साली पुण्यात सेवासदनाची स्थापना झाली आणि पुढे तेथे परिचारिकांच्या शिक्षणाची सोय झाली. हा व्यवसाय त्या काळी हलका मानीत. तथापि लोकमताविरुद्ध जाऊन रमाबाईंनी एका तरुण विधवेस त्या शिक्षणासाठी घेतले.

सेवासदनाच्या एका वार्षिक समारंभात केशवपन केलेली एक विधवा मस्तकावर पदर घेऊन पारितोषिक स्वीकारण्यास आली, तेव्हा प्रेक्षकांतील विद्यार्थ्यांनी तिची हुर्यो केली. शेवटी आभार मानावयास उभ्या राहिलेल्या रमाबाईंनी त्यांना खडसावले. जिच्या दुःखाने मन द्रवावे तिलाच हसणाऱ्यांना सुशिक्षित कसे म्हणावे, आणि अशी बहीण वा माता कोणाच्या घरी नाही, असा त्यांचा सवाल होता.

गीतेच्या सहाव्या अध्यायात परक्याचे सुखदुःख आपल्यावरून जाणणारा योगी श्रेष्ठ म्हटला आहे. त्याच अध्यायात मन वळविण्याचा उपाय म्हणून अभ्यासही सांगितला आहे. परिचारिकेचे जीवन हा असाच अभ्यास होय. जखम धुणे, कूस बदलून देणे, मध्यरात्री पाणी पाजणे ही कामे आधी केवळ हात करतात. रोगी विश्वासाने बोलू लागला, की हळूहळू मनही हातांच्या मागे येते. करुणा उपजत नसली तरी ती अशी अंगी बाणते.

१९२४ साली रमाबाईंचे निधन झाले. आज पुण्यापासून बंगळूरपर्यंत कित्येक रुग्णालयांत परिचारिकेची भाषा एक, रोग्याची दुसरी. तरीही कण्हणे तिला समजते. परंतु अहोरात्र दुसऱ्याचे ऐकणारीचे ऐकणार कोण? रोग्याच्या उशाशी बसलेल्या आप्तांनी तिच्याशी दोन शब्द आदराने बोलावेत. तीही शुश्रूषाच होय.