सुभेदारांची पेन्शन आणि कामगारांचे बाबासाहेब



विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी बाबासाहेबांच्या चरित्रावर काहीतरी लिहून द्या, असा निरोप मंडळाकडून आला. चवदार तळे, काळाराम मंदिर, पुणे करार, दीक्षाभूमी हे तर आपल्या घरातल्या लहान पोरांनाही पाठ आहे. म्हणून आम्ही आमच्या वाटणीचे, म्हंजे कामगारांचे बाबासाहेब सांगायला घेतले आहेत. त्याला कारणही तसेच घडले. मार्च 2023 मध्ये 14 तारखेपासून 20 तारखेपर्यंत राज्यातले सरकारी-निमसरकारी कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी संपावर होते. तेव्हा विहारात विषय निघाला, तर काही जण म्हणाले की हे युनियनचं आहे, धम्माच्या जागेत नको. त्यांच्यावर आमचा राग नाही. फक्त बाबासाहेब कुणाच्या घरात आणि कशावर वाढले, एवढे त्यांनी वाचावे.

परमपूज्य बाबासाहेबांचा जन्म 14 एप्रिल 1891 चा, महूच्या लष्करी छावणीतला. वडील सुभेदार रामजी हे पलटणीच्या शाळेत शिकवीत. भीम दोन-तीन वर्षांचा असतानाच ते निवृत्त झाले आणि घर पेन्शनवर आले. त्याच सुमारास इंग्रज सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. ज्या नोकरीने बापाला पेन्शन दिली, त्या नोकरीचे दार मुलांना बंद! पुढे हे कुटुंब मुंबईत परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहिले. भीमाला पुस्तकांचे वेड. त्याने पुस्तक मागितले की सुभेदार लग्न झालेल्या मुलीकडे जायचे, उसने पैसे आणायचे. तिच्याकडे पैसे नसले तर तिचा दागिना आणून गहाण टाकायचे आणि महिन्याची पेन्शन हातात पडली की सोडवून परत द्यायचे. आम्ही हे वाचले तेव्हा बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. पेन्शन वेळेवर येणार, ठरलेली येणार, हा भरवसा होता म्हणून तो दागिना सुटत होता आणि भीम शिकत होता.

पुढचे शिक्षण सर्वांना माहीत आहे. पण ते कशात शिकले, याकडे आपले लक्ष जात नाही. त्यांचा विषय तिजोरी. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ 1923 चा, आणि प्रांतांच्या जमाखर्चावरचा 1925 चा. 1927 साली मुंबई कायदेमंडळात गेले आणि फेब्रुवारीतच बजेटावर बोलले. पोटापुरते न पिकवणाऱ्या शेतकऱ्याकडूनही शेतसारा वसूल होतो, आणि दुसरीकडे ठरावीक उत्पन्नापर्यंत आयकर माफ, हा कुठला न्याय, असा त्यांचा मुद्दा होता. हल्ली तिजोरीवर बोजा पडतो हे वाक्य फार ऐकू येते. बाबासाहेबांना बोजा कळत नव्हता असे नाही. बोजा नेमका कोण वाहतो, हे ते आधी विचारीत.

आम्ही गिरणीवाले, त्यामुळे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात चांगला पगार, पण तिथे अस्पृश्यांना शिरकाव नव्हता. सूत तुटले की धोट्यातून ते तोंडाने ओढावे लागे आणि थुंकी लागे, म्हणून विटाळ! 1928 च्या मोठ्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हे उघड मांडले. गिरणीमालकांनी नाही, तर आपल्याच बाजूच्या कामगाराने आपल्याला बाहेर ठेवले होते. 1929 च्या संपाला त्यांनी विरोध केला, हेही लपवायचे कारण नाही. युनियन चांगली म्हणून तिची प्रत्येक हाक चांगली, असे त्यांनी कधी मानले नाही.

ऑगस्ट 1936 मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. फेब्रुवारी 1938 मध्ये मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद घेतली. तिथे ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही या दोन्हींना कामगारांचे शत्रू ठरवले. त्याच वर्षी काँग्रेस मंत्रिमंडळाने औद्योगिक तंट्यांचे बिल आणले. त्यात समेटाची सक्ती होती, आणि ती पाळल्याशिवाय संप केला तर शिक्षा. 15 सप्टेंबरला बाबासाहेब कायदेमंडळात त्यावर सविस्तर बोलले. माणसाला मनाविरुद्ध काम करायला भाग पाडणे म्हणजे गुलामी, आणि संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याचाच हक्क, असा त्यांचा युक्तिवाद होता. 7 नोव्हेंबर 1938 रोजी संप झाला. ज्या कम्युनिस्टांशी त्यांचे जमत नव्हते त्यांच्याबरोबर उभे राहून तो केला. पोलिसांनी गोळ्या चालवल्या, कामगार जखमी झाले. आणि बिल? ते मंजूर झालेच.

चार वर्षांनी, जुलै 1942 मध्ये तेच बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. कामाचे तास त्यांनी चौदाचे आठ केले, असे आपले वक्ते सांगतात. कागद वेगळे सांगतात: आठवड्याचे 54 तास 1946 च्या दुरुस्तीने 48 झाले. तेही काही थोडे नाही, उगाच वाढवून कशाला सांगायचे? आम्हाला जास्त मोलाचे वाटते ते 1943 चे बिल. मालकाने युनियनला मान्यता दिलीच पाहिजे, अशी सक्ती त्यात होती. म्हंजे वाटाघाटीच्या टेबलावर कामगाराला खुर्ची. ते 1947 साली मंजूर झाले, तोवर मजूर खाते त्यांच्याकडे नव्हते, आणि त्या दुरुस्तीची अंमलबजावणी कधी झालीच नाही. चाकणला आपली पोरे आज कंत्राटदाराच्या गेटपासवर उभी आहेत, त्यांना युनियन हा शब्द उच्चारायची भीती वाटते, त्या पोरांना हे कुणी सांगितलेले नाही.

राज्यघटनेच्या 41 व्या कलमात म्हातारपणी आणि आजारपणात सरकारने मदत करावी, असे आहे. ते मार्गदर्शक तत्त्व आहे, कोर्टात जाऊन मागता येत नाही. मागायचे तर संघटनाच लागते.

25 डिसेंबर 1954 रोजी बाबासाहेब आपल्या देहूरोडला आले आणि रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना त्यांच्या हस्ते झाली. आमचे थोरले चुलते तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचे. गर्दीत मागे उभे होते, नीट दिसलेसुद्धा नाही म्हणायचे. दोनच वर्षांनी, 6 डिसेंबर 1956 ला बाबासाहेब गेले. चुलते नंतर सरकारी नोकरीत लागले, हमालीपासून चढत गेले, पेन्शनीत निघाले. आता ते नाहीत, चुलतीला कुटुंब पेन्शन मिळते. त्यांचा नातू पालिकेत आहे, पण 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेला, म्हणून जुन्या पेन्शनीत बसत नाही. सरकारने पुढे सुधारित योजना आणली, तिचा हिशेब तो अजून लावतोच आहे.

दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला चुलतीला तोच मोटरसायकलवर बँकेत नेतो. अंगठा उमटेपर्यंत पाठीशी उभा राहतो. परत येताना ती त्याच्या पोराच्या वह्यांसाठी पैसे काढून देते.