फ्लॉप पिक्चरमधला एक सीन बघायला लोक यायचे, त्यातूनच रॅमसे घराण्याचा भुतांचा धंदा सुरू झाला

१९७० साल. ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ नावाचा हिंदी पिक्चर लागला आणि आपटला. पृथ्वीराज कपूर, मुमताज, शत्रुघ्न सिन्हा अशी नावं पोस्टरवर असूनही लोक फिरकेनात.

पण निर्मात्याची दोन पोरं, तुलसी आणि श्याम, थिएटरमध्ये जाऊन बसायची. पडद्याकडे कमी आणि खुर्च्यांकडे जास्त बघायची. तिथं त्यांना एक गंमत दिसली. पिक्चरमध्ये चोरीचा एक सीन होता. पृथ्वीराज कपूर तोंडावर भयानक मुखवटा आणि अंगात चिलखतासारखा पोशाख घालून म्युझियममध्ये शिरतात. पोलीस गोळ्या झाडतात, पण या राक्षसावर काही परिणामच होत नाही. या सीनला पब्लिक किंचाळायचं आणि टाळ्या वाजवायचं. काही जण तर तेवढाच सीन बघायला यायचे आणि तो संपला की उठून घरी जायचे.

पोरांनी ही गोष्ट बापाला सांगितली. ज्याला ती सांगितली त्या माणसाचं नाव फतेहचंद रामसिंघानी. सिनेमावाले त्यांना एफ. यू. रॅमसे म्हणून ओळखायचे.

आता रामसिंघानींचे रॅमसे कसे झाले?

फाळणीच्या आधी त्यांचं कराचीत रेडिओचं दुकान होतं. गिऱ्हाइकांत इंग्रज बरेच. त्यांच्या जिभेला रामसिंघानी काही झेपेना, म्हणून त्यांनी त्याचं रॅमसे करून टाकलं. आडनावाचा असा चुराडा झालेला कुणाला आवडत नाही, पण रॅमसेंनी तो चालवून घेतला. पुढं तेच नाव सातही मुलांना लागलं.

१९४७ ला कराची सुटली. लाखो सिंधी कुटुंबं घरदार टाकून इकडं आली, कुणी कल्याणच्या कॅम्पात राहिलं, कुणी नातेवाइकांकडं. रॅमसे बायको किशनी आणि पोराबाळांना घेऊन मुंबईत आले आणि लॅमिंग्टन रोडवर पुन्हा तोच धंदा मांडला. मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड सांगायला नको. वायरपासून स्पीकरपर्यंत काहीही हवं असलं की पाय आजही तिकडंच वळतात. दुकान बरं चाललं होतं. पण रॅमसेंना सिनेमाचा किडा चावला.

आणि सिनेमे कसले काढले बघा. १९५४ ला ‘शहीद-ए-आझम भगतसिंग’. १९६३ ला ‘रुस्तम सोहराब’, म्हणजे इराणच्या दंतकथेतली बाप-लेकाची लढाई. पृथ्वीराज कपूर, प्रेमनाथ, सुरैय्या, संगीताला सज्जाद हुसेन. सुरैय्याचा हा शेवटचा पिक्चर. त्यातली गाणी जुन्या हिंदी गाण्यांचे शौकीन आजही ऐकतात.

मराठी माणसासाठी यात अजून एक धागा आहे. ‘रुस्तम सोहराब’चे दिग्दर्शक होते विश्राम बेडेकर. होय, ‘रणांगण’ लिहिणारे बेडेकर. आणि तो म्युझियमचा सीन असलेला ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ हाही बेडेकरांचाच. म्हणजे हिंदीतल्या भूतपटांची पहिली ठिणगी पडली ती मराठीतल्या एका मोठ्या कादंबरीकाराच्या सिनेमात. बेडेकरांनी ती जाणूनबुजून पाडली नव्हती, हेही तितकंच खरं.

या यादीतून एक गोष्ट कळते. रॅमसेंना चारचौघांत मान मिळेल असं काम करायचं होतं. क्रांतिकारक, योद्धे, मोठे नट. भुताखेतांचा यात कुठं पत्ता नाही.

पण १९७० चा फटका मोठा होता. पदरात सात पोरं: कुमार, केशू, तुलसी, किरण, श्याम, गंगू आणि अर्जुन. सिनेमाचा नाद सोडून परत मुकाट्यानं रेडिओ विकावे अशी वेळ आली होती. अशात पोरं सांगत होती की बाबा, पिक्चर पडला पण तो एक सीन चालला. आपण अख्खा पिक्चरच तसा काढू.

भीती दाखवणारे पिक्चर हिंदीत आधीही होते. ‘महल’ (१९४९), ‘बीस साल बाद’ (१९६२), ‘वो कौन थी’ (१९६४). पण तिथं धुकं, मेणबत्ती, पांढरी साडी आणि लता मंगेशकरांचा आवाज यावर काम भागायचं. शेवटी कळायचं की भूत नव्हतंच, कुणीतरी नाटक करत होतं. मुखवट्याच्या सीनला ओरडणाऱ्या पब्लिकला मात्र राक्षस समोर हवा होता. इंग्लंडच्या हॅमर कंपनीचे ड्रॅक्युला बघितलेल्या पोरांना हे बरोबर कळलं होतं.

शेवटी रॅमसे तयार झाले. पण बाहेरचे लोक घ्यायला पैसा नव्हता. मग त्यांनी पोरांनाच शिकवायचं ठरवलं. जोसेफ मासेली यांचं ‘फाइव्ह सीज ऑफ सिनेमॅटोग्राफी’ हे पुस्तक समोर ठेवलं आणि सगळ्यांना काश्मीरला नेऊन त्याचा अभ्यास करायला लावला. फिल्म इन्स्टिट्यूट म्हणजे एक पुस्तक आणि सात भाऊ. हात बसावा म्हणून १९७१ ला ‘नकुली शान’ नावाचा सिंधी पिक्चर करून बघितला. मग कामं वाटली गेली. कुमारनं लिहायचं, गंगूनं कॅमेरा धरायचा, किरणनं आवाज बघायचा, अर्जुननं एडिटिंग, केशूनं प्रॉडक्शन, तुलसी आणि श्यामनं दिग्दर्शन. लॅमिंग्टन रोडवरच्या कुठल्याही दुकानात भावाभावांत गल्ला, गोडाऊन आणि उधारी वाटलेली असते, हे तसंच.

आणि १९७२ ला आला ‘दो गज जमीन के नीचे’. फसवून मारलेला आणि जमिनीत पुरलेला माणूस परत येतो अशी गोष्ट. खर्च साधारण साडेतीन लाख रुपये. याच वर्षी ‘पाकीझा’ रिलीज झाला होता, जो बनायला एक तपाहून जास्त काळ लागला. रॅमसेंचं काम चाळीस दिवसांत उरकलं.

ते कसं? पंधरा-वीस जणांची टोळी एका बसमध्ये बसली आणि महाबळेश्वरला गेली. सरकारी गेस्ट हाऊसमध्ये मुक्काम ठोकला. राहायचं तिथंच आणि शूटिंगही तिथंच, म्हणजे सेटचा खर्च वाचला. महाबळेश्वरचं धुकं तर फुकटच. किशनीबाई आणि घरातल्या बायका युनिटचा स्वयंपाक सांभाळायच्या. स्टारला पैसे नव्हते, मग स्टारच घेतला नाही. लोक नटाला बघायला येणार नव्हते, भुताला बघायला येणार होते, हा हिशोब पक्का होता. जाहिरातीसाठी रेडिओचा भरपूर वापर केला. आवाजानं माणूस कसा घाबरतो हे रेडिओवाल्याला सांगायला लागत नाही.

पिक्चर जोरात चालला. आणि मग गाडी थांबलीच नाही. ‘दरवाजा’, ‘गेस्ट हाऊस’, ‘दहशत’, ‘हॉटेल’, आणि १९८४ ला ‘पुराना मंदिर’, जो त्यांचा सगळ्यात मोठा हिट ठरला. त्यातला सामरी आठवतोय ना? तो उंच, लांब चेहऱ्याचा सैतान साकारणारे अनिरुद्ध अग्रवाल शिक्षणानं इंजिनिअर होते.

आता इथं प्रेक्षकांच्या मताचे सरळ दोन तट पडतात.

इंग्रजी पेपरात लिहिणारे या पिक्चरांना नाकं मुरडायचे. स्वस्त मेकअप, तीच हवेली, तोच शाप, मध्येच अंघोळीचा सीन आणि मध्येच कॉमेडी. ‘पुराना मंदिर’मध्ये तर जगदीपनं ‘शोले’ची नक्कल करून भुताला अर्धा तास रजा दिलीय असं वाटतं. यात टीकाकारांचं फार चुकत होतं असं म्हणता येणार नाही. एकामागून एक चार रॅमसे बघितले तर कुठला पिक्चर कुठं संपला ते कळत नाही.

दुसरीकडं छोट्या गावातली, तालुक्याची थिएटरं होती. मोठ्या हिरोचे पिक्चर तिथं उशिरा पोचायचे. तिथल्या पब्लिकला रॅमसे हा शब्द म्हणजे गॅरंटी होती. पोस्टरवर हिरो कोण हे कुणी विचारायचं नाही. त्यांनी केलेली समीक्षा कुठं छापून आली नाही. ती तिकीट खिडकीवर झाली, आणि पिक्चर चालू असताना अंधारात शेजाऱ्याचा हात धरून झाली.

एफ. यू. रॅमसे यांनी दुसऱ्या तटाचं ऐकलं, आणि त्याची किंमतही मोजली. भगतसिंग आणि रुस्तमवर पैसे लावणाऱ्या माणसाचं नाव स्वस्त भुतांच्या पिक्चरचं दुसरं नाव होऊन बसलं. फिल्मी वर्तुळात चेष्टा व्हायची. पण त्याच चेष्टेवर सात भावांचे संसार चालले आणि कुटुंब एकत्र राहिलं. सिनेमावाल्यांच्या घरात हे किती वेळा घडतं, विचार करा.

‘वीराना’ १९८८ ला आला. १९८९ ला एफ. यू. रॅमसे गेले.

पुढं व्हिडिओ आणि केबलमुळं थिएटरं रिकामी पडायला लागली, तेव्हा पोरं पब्लिकच्या मागोमाग घरात शिरली. १९९३ ला झी टीव्हीवर ‘झी हॉरर शो’ सुरू झाला. चादरीच्या फटीतून तो बघितलेली पिढी आज चाळिशीत आहे. नंतर परदेशातल्या माँडो मकाब्रो कंपनीनं ‘पुराना मंदिर’, ‘बंद दरवाजा’, ‘वीराना’ यांच्या डीव्हीडी काढल्या आणि ज्यांना हिंदीचा गंध नाही असे लोकही सामरीचे फॅन झाले.

तुलसी २०१८ ला गेले, श्याम २०१९ ला. ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ची गोष्ट काय होती हे आज कुणालाही विचारा, सांगता येणार नाही. मुखवट्याचा सीन तेवढा लोकांना माहीत आहे.