पित्याचे आसन

लॉर्ड लुई माउंटबॅटन हे नाव निघाले की आपणां भारतीयांना १९४७ साल आणि फाळणी आठवते. त्या कारकिर्दीचा निवाडा इतिहासकार करीतच आहेत. परंतु हे गृहस्थ मूळचे आरमारी अधिकारी, आणि त्यांच्या आरमारी सेवेमागे एक कौटुंबिक शल्य होते. नोकरीनिमित्त मायभूमीपासून दूर स्थिरावलेल्या आपल्यासारख्यांस ते सहज उमगावे.

त्यांचे वडील प्रिन्स लुई बॅटनबर्ग हे जर्मन राजघराण्यातले. १८६८ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, ते ब्रिटिश आरमारात दाखल झाले आणि १९१२ मध्ये फर्स्ट सी लॉर्ड या सर्वोच्च पदी पोहोचले. १९१४ साली महायुद्धाच्या तोंडावर आरमार पांगू न देण्याचा हुकूम त्यांनीच सोडला. तरीही केवळ जर्मन जन्मामुळे लोकांनी संशय घेतला आणि ऑक्टोबरात त्यांना पद सोडावे लागले. शेहेचाळीस वर्षांची एकनिष्ठ सेवा जन्मस्थानापुढे उणी ठरली. त्यांचा धाकटा मुलगा लुई तेव्हा चौदा वर्षांचा असून ऑस्बर्नच्या आरमारी विद्यालयात शिकत होता. पित्याचे आसन परत मिळवावयाचे, ही आकांक्षा त्याने आयुष्यभर जपली.

१९१७ मध्ये कुटुंबाने बॅटनबर्ग हे आडनाव टाकून माउंटबॅटन हे इंग्रजी वळणाचे नाव घेतले. युद्धानंतर तरुण लुईंनी संदेशवहनाची शाखा निवडली. पोर्टस्मथच्या सिग्नल स्कूलमध्ये ते प्रथम शिकले, पुढे तेथेच त्यांनी बिनतारी विद्या शिकविली. १९३१ मध्ये ते भूमध्य समुद्रातील आरमाराचे बिनतारी अधिकारी झाले. मोठ्या घराण्यातील या हौशी तरुणास विजेची मंडले आणि संकेतलिपी यांत रमलेले पाहून अनेकांस नवल वाटे.

१९३४ मध्ये ‘डेअरिंग’ या विनाशिकेचे आधिपत्य त्यांच्याकडे आले. त्यानंतर ‘विशार्ट’, आणि १९३९ मध्ये ‘केली’. युद्धकाळात त्यांचे धाडस जितके गाजले तितकीच त्यांच्या उतावळेपणावर टीकाही झाली. मे १९४० मध्ये पाणतीराने विदीर्ण झालेली ‘केली’ त्यांनी, जहाज सोडण्यास नकार देऊन, दुसऱ्या जहाजांच्या दोरीने ओढवून बंदरात आणविली. नोव्हेंबरमध्ये ते ‘जॅव्हलिन’वर असता शत्रूच्या पाणतीरांनी तिचा पुढचा आणि मागचा भाग उडविला. अखेर २३ मे १९४१ रोजी क्रीट बेटानजीक जर्मन विमानांनी ‘केली’ बुडविली. सुमारे निम्मे सहकारी सागरतळी गेले. वाचलेल्यांना ‘किपलिंग’ने उचलून घेतले.

पुढे आग्नेय आशियाचे सरसेनापतिपद आणि दिल्लीतील पर्व आले. परंतु व्हाइसरॉयपद भोगलेला हा माणूस पुन्हा आरमारात परतला, तेही खालच्या हुद्द्यावर. एप्रिल १९५५ मध्ये ते फर्स्ट सी लॉर्ड झाले. पित्याने ते पद सोडल्याला चाळीस वर्षे उलटली होती.

२७ ऑगस्ट १९७९ रोजी आयर्लंडच्या किनाऱ्यालगत, स्वतःच्या लहानशा नौकेवर, आयरिश बंडखोरांच्या बाँबने त्यांचा अंत झाला.

पुत्राने पित्याचे आसन मिळविले खरे. पण तो सन्मान पाहण्यास पिता नव्हता. प्रिन्स लुई १९२१ सालीच निवर्तले होते. माणसाची निष्ठा जन्मावरून जोखणाऱ्यांना उत्तर मिळाले, परंतु ते एका पिढीने उशिरा मिळाले.