राजाजींच्या व्याह्यांचं १० रुपयांचं तिकीट

चक्रवर्ती राजगोपालाचारी, म्हणजे राजाजी. जन्म १८७८ चा. सेलमला वकिली केली, १९३० ला वेदारण्यमचा मिठाचा सत्याग्रह केला. १९३३ ला लेक लक्ष्मीचं गांधीजींच्या देवदासशी लग्न झालं आणि दोघे व्याही झाले.

जून १९४८ ला राजाजी गव्हर्नर जनरल झाले. १५ ऑगस्टला स्वित्झर्लंडहून छापून आणलेली गांधीजींची तिकिटं निघाली. त्यातल्या १० रुपयांच्या फक्त १०० तिकिटांवर 'सर्व्हिस' असा इंग्रजी छाप मारून ती राजाजींच्या कार्यालयासाठी ठेवली. सरकारी टपालाच्या तिकिटांवर असा छाप मारणं तसं नाशिकरोडच्या प्रेसचं नेहमीचं काम. पण ही तिकिटं इतकी कमी, की आज एकेकाची किंमत लाखांत जाते.

म्हणूनच भामट्यांची चलती. साधं, खरंखुरं १० रुपयांचं तिकीट घ्यायचं आणि वर सात अक्षरं स्वतः छापायची! कागद खरा, गांधीजी खरे, त्यामुळे भलेभले फसतात. भिंगाखाली छापाची शाई टपालाच्या शिक्क्यावर चढलेली दिसली, तर छाप नंतरचा. कोऱ्या तिकिटाचं अवघड. तिथे अक्षरांची जाडी, वळण, अंतर अस्सल नमुन्याशी जुळवावं लागतं. तज्ज्ञाचा दाखला नसेल तर पैसे देऊ नका.

राजाजी जानेवारी १९५० ला पायउतार झाले. पुढे मद्रासचे मुख्यमंत्री, भारतरत्न, मग नेहरूंच्या विरोधात स्वतंत्र पक्ष. २५ डिसेंबर १९७२ ला ते गेले.