राजवाडा, बाग आणि सयाजीराव

बडोद्याला कुणी पाहुणे आले की त्यांना लक्ष्मीविलास राजवाडा आणि कमाटीबाग दाखवायचं काम घरात माझ्याकडे असतं. दोन्ही ठिकाणं इतक्यांदा पाहिली की सयाजीराव महाराजांचं चरित्र मला आता पुस्तकापेक्षा याच दोन जागांत जास्त दिसतं.

महाराज जन्मानं राजपुत्र नव्हते. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा गोपाळ हा शेतकऱ्याचा मुलगा. १८७५ मध्ये इंग्रजांनी मल्हारराव गायकवाडांना गादीवरून काढलं. मग खंडेराव महाराजांच्या विधवा राणी जमनाबाईंनी गोपाळला दत्तक घेतलं. बारा वर्षांच्या त्या मुलाला लिहिता-वाचता येत नव्हतं. इलियट नावाच्या इंग्रज शिक्षकाच्या देखरेखीखाली त्याचं शिक्षण सुरू झालं. १८८१ च्या डिसेंबरात राज्यकारभार हाती आला, तेव्हा महाराज अठरा वर्षांचे होते.

राजवाडा त्याच काळात उभा राहत होता. मेजर मँट यांनी आराखडा केला. ते १८८१ मध्ये वारले, म्हणून पुढचं काम चिझम यांनी पाहिलं. १८९० मध्ये वाडा पूर्ण झाला. दरबार हॉलची मोझेकची जमीन, रंगीत काचांच्या खिडक्या, राजा रविवर्म्याची चित्रं बघून पाहुणे थक्क होतात. हा वाडा आजही गायकवाड घराण्याचं राहतं घर आहे. त्याचा काही भाग तेवढा आपल्याला पाहता येतो.

कमाटीबागेचं तसं नाही. विश्वामित्रीच्या काठी १८७९ मध्ये घातलेली ही बाग पहिल्यापासून लोकांची. प्राणिसंग्रहालय तिथंच, १८९४ चं म्युझियमही तिथंच. सुट्टीच्या दिवशी डबे घेऊन आलेली कुटुंबं हिरवळीवर बसलेली असतात.

वाड्यात राहणाऱ्या या राजानं शिक्षणाचा ध्यास घेतला होता. १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचं, मोफत प्राथमिक शिक्षण सुरू करून पाहिलं आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानाला लागू केलं. मुलींनाही त्यात धरलं होतं, हे महत्त्वाचं. १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांचं जाळं उभारलं. पेट्यांमधून पुस्तकं खेडोपाडी जाऊ लागली. अस्पृश्य मुलांसाठी शाळा काढल्या, पण तिथं शिकवायला सवर्ण शिक्षक सहसा तयार होत नसत. महाराजांच्या हुकमाला कुठं अडथळा होता, ते इथंच कळतं.

१९१३ मध्ये भीमराव आंबेडकर या तरुणाला त्यांनी कोलंबिया विद्यापीठात शिकायला पाठवलं. दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती होती, तीन वर्षांसाठी. बदल्यात संस्थानची नोकरी करायची असा करार झाला. त्याप्रमाणे आंबेडकर १९१७ मध्ये बडोद्यात आले, पण शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. जात लपवून एका पारशी धर्मशाळेत दिवस काढले. तेही उघड झालं आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावानं त्यांना बाहेर काढलं. मुंबईच्या गाडीला पाच तास होते. तेवढा वेळ ते कमाटीबागेत बसून राहिले, आईवडिलांच्या आठवणीनं व्याकूळ होऊन. बागेतल्या त्या जागेला आज संकल्पभूमी म्हणतात.

पाहुण्यांना हे सांगताना मला दर वेळी अवघड जातं. सयाजीरावांबद्दल आम्हा बडोदेकरांना केवढा अभिमान! त्यांनी ज्याला सातासमुद्रापार शिकवलं, त्याला त्यांच्याच राजधानीत एक खोली मिळाली नाही. शाळेचं दार हुकमानं उघडता आलं. शेजाऱ्याच्या घराचं मात्र शेजाऱ्यानंच उघडायचं होतं, आणि ते त्यानं उघडलं नाही. याचा दोष एकट्या राजावर टाकून शहराला मोकळं होता येईल, असं मला वाटत नाही.

महाराज १९३९ च्या फेब्रुवारीत मुंबईत वारले. त्रेसष्ट वर्षं ते गादीवर होते. त्यांच्या कामाचं मोल या प्रसंगानं कमी होत नाही. काम किती अवघड होतं तेवढं कळतं. परगावाहून आलेल्या मुलाला खोली देताना आडनाव विचारणारे आजही भेटतात. म्हणून बडोद्याला आलात तर राजवाडा जरूर पाहा, पण संध्याकाळ कमाटीबागेसाठी राखून ठेवा. संकल्पभूमीपाशी थोडा वेळ बसा.