नारेश्वरचा एकांत

सुरतेच्या आग्नेयेकडील डिंडोली हा कष्टकऱ्यांचा परिसर. उपजीविकेसाठी खानदेशातून आलेली असंख्य मराठी कुटुंबे येथे आणि शेजारच्या उधना, लिंबायत भागांत स्थिरावली आहेत. यंत्रमागांची खडखड, आगगाड्यांची ये-जा आणि पाळीवर निघालेल्यांची लगबग यांत निवांत क्षण दुर्मीळच. तरीही गुजरातेतील अनेक मराठी घरांत गुरुवारी दत्तापुढे समई लागते आणि गुजराती भाषेतील 'दत्तबावनी' म्हटली जाते. तिचे रचनाकार श्रीरंग अवधूत महाराज हे मराठी घरातलेच. ईश्वराची चाहूल लागावी एवढी शांतता शोधण्यासाठी त्यांनी आपले तारुण्य वेचले.

त्यांचे मूळ नाव पांडुरंग विठ्ठल वळामे. घराणे रत्नागिरी जिल्ह्यातील देवळे गावचे. वडील गोध्रा येथील विठ्ठलमंदिरात पूजाअर्चेसाठी आले आणि तेथेच २१ नोव्हेंबर १८९८ रोजी पांडुरंगाचा जन्म झाला. तो लहान असतानाच वडील प्लेगने दगावले. आई रुक्मांबा हिने दोन मुलांना हलाखीत वाढविले. मुंजीनंतर नृसिंहवाडीस पांडुरंगाला वासुदेवानंद सरस्वतींचे, म्हणजेच टेंबे स्वामींचे दर्शन घडले. गोव्याच्या सीमेजवळील माणगावच्या या दत्तभक्त संन्याशाने १९१४ साली नर्मदातीरी गरुडेश्वर येथे देह ठेवला. पांडुरंगाने त्यांनाच आयुष्यभर गुरू मानले.

पुढे महात्मा गांधींच्या असहकाराच्या हाकेने पांडुरंगाने सरकारी महाविद्यालय सोडले, गुजरात विद्यापीठातून शिक्षण पूर्ण केले आणि काही काळ अध्यापनही केले. मन मात्र एकांताकडे ओढ घेत होते. विधवा आईला आणि धाकट्या भावाला वाऱ्यावर सोडून मिळविलेली शांती त्यांना नको होती. म्हणून भावाने घरचा भार उचलेपर्यंत ते थांबले.

१९२५ च्या सुमारास ते नारेश्वरला आले. वडोदरा जिल्ह्यात नर्मदेच्या काठी असलेले हे ठिकाण तेव्हा निबिड अरण्य होते. आसपासच्या गावांचे लोक तेथे प्रेते जाळण्यासाठी येत. एरवी कोणी फिरकत नसे. साप आणि मोर तेथे वैर विसरून वावरताना त्यांनी पाहिले, अशी आख्यायिका भाविक सांगतात. कडुनिंबाच्या एका झाडाखाली त्यांनी आसन मांडले. जप, ध्यान आणि ग्रंथवाचन एवढाच दिनक्रम. गुरूंनी रचलेल्या दत्तपुराणाची १०८ पारायणे त्यांनी पूर्ण केली. त्यानंतर १०८ दिवसांत पायी नर्मदेची परिक्रमा केली.

परंतु ज्या एकांतासाठी ते रानात गेले, तो फार काळ टिकला नाही. त्यांची कीर्ती पसरली आणि त्याच रानात माणसांची रीघ लागली. कोणी रोगाने, कोणी दारिद्र्याने गांजलेला. त्यांना टाळून आणखी दूर निघून जाणे अवघड नव्हते. महाराजांनी तसे केले नाही. वर्षानुवर्षांच्या मौनात जे गवसले, ते त्यांनी लोकांच्या भाषेत लोकांच्या हाती ठेवले. १९३५ साली कलोलजवळील सईज गावी रचलेली 'दत्तबावनी' अवघ्या ५२ ओळींची. ती म्हणण्यासाठी अरण्य लागत नाही, पुरोहित लागत नाही, संस्कृतही यावे लागत नाही. दिवसभर राबलेल्या माणसालाही काढता येतील एवढी मोजकी मिनिटे तिला पुरतात. 'गुरुलीलामृत' हा बृहद्ग्रंथही त्यांनी गुजरातीतच लिहिला.

उत्तरायुष्यात आई त्यांच्यापाशी नारेश्वरला राहिली. सर्वसंगपरित्याग केलेल्या या अवधूताने मातृसेवेचा मात्र कधी त्याग केला नाही. १९६७ मध्ये आई निवर्तली. पुढच्याच वर्षी, १९ नोव्हेंबर १९६८ रोजी, हरिद्वार येथे महाराजांनी देह ठेवला. पार्थिव नारेश्वरला आणून तेथेच अंत्यसंस्कार झाले.

आज तेथे समाधिमंदिर आहे, अन्नछत्र आहे, उत्सवांना अलोट गर्दी होते. महाराजांच्या काळचे निर्जन रान आता उरलेले नाही. डिंडोलीसारख्या वस्तीत तर ते कधी मिळणारही नाही. तिथल्या माणसाला लाभते ती कामाच्या दोन पाळ्यांमधली थोडी उसंत, आणि त्या उसंतीत मावतील अशा ५२ ओळी नारेश्वरच्या या तपस्व्याने रचून ठेवल्या आहेत.